इर्जिकीचा कॅमेरा

माझ्या दुकानात एक दोनशे पानी वही आहे. पुठ्ठ्याचं वेष्टण, कडा तेलकट झालेल्या. गिऱ्हाइकांची उधारी तिच्यात नाही. पानाच्या डाव्या बाजूला चार-चार अक्षरांचे दोन नंबर आणि उजव्या बाजूला एकेक ओळ : 'चालला', 'हिरवं चित्र', 'मागच्या पोर्टला चालतो, पुढच्या नाही', 'चित्र उलटं'. २००६ सालापासून पाटणच्या माझ्या दुकानात जे यूएसबी वेबकॅम आले आणि लिनक्सवर चालवावे लागले, त्यांची ही नोंद. पहिल्याच पानावर पहिला नंबर आहे, ०एसी८:३०१बी. त्याच्यासमोर मी लिहिलं होतं, 'नंबर दिसतो, चित्र नाही.'

त्या एका ओळीखाली पुढं आणखी ओळी कशा वाढत गेल्या, ते सांगण्यासाठी हा लेख लिहितोय. कारण दुरुस्तीच्या धंद्याचा इतिहास कुणी लिहीत नाही, आणि ज्यांच्या जिवावर आमचं काम चाललं त्यांची नावं आमच्या तालुक्यात कुणाला ठाऊक नाहीत.

आधी आमचा मुलूख सांगतो. कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावर पाटण वसलंय. कराडहून चिपळूणला जाणारा रस्ता गावातून जातो, वर कोयनेचं धरण, चहूकडं डोंगर. जमीन उताराची आणि थोडी. त्यामुळं घरटी एक माणूस मुंबईला, हा आमच्याकडचा जुना रिवाज. पाठीवर गोणी वाहणाऱ्या माथाडी कामगारांत आमच्या तालुक्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे, आणि १९६९ साली माथाडींसाठी जो कायदा झाला त्यामागं त्यांचा लढा होता. माझे वडील आधी मशीद बंदरला आणि बाजार हलल्यावर वाशीला गोणी वाहत. गावकीच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं पाळीपाळीनं झोपत. घरी यायची ती मनीऑर्डर आणि फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर लिहिलेली दोन ओळींची खुशाली. वडिलांचा चेहरा आम्हाला गणपतीला दिसायचा आणि गावच्या जत्रेला दिसायचा. मधल्या महिन्यांत आईनं त्यांना पाहिलं नाही, म्हणजे नाहीच पाहिलं.

मी आयटीआय करून टीव्ही-रेडिओ दुरुस्तीत पडलो. कॉम्प्युटर आले तसा त्यांच्याकडं वळलो. एसटीडी बूथ जाऊन मोबाइल आले तेव्हा आवाजाची सोय झाली, चेहऱ्याची झाली नव्हती. ती सोय करणारी वस्तू म्हणजे वायर लावलेला, लिंबाएवढा, चिमट्यानं मॉनिटरवर बसणारा कॅमेरा.

लिनक्सकडं, म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणाऱ्या मोकळ्या प्रणालीकडं, मी वळलो ते व्हायरसमुळं. पेनड्राइव्ह आले आणि महिन्याला तेच ते कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा माझ्या टेबलावर येऊ लागले. कुणीतरी सांगितलं, उबुंटू नावाची एक लिनक्सची आवृत्ती आहे, पत्ता कळवला तर सीडी फुकट घरपोच येते. विश्वास बसला नाही, तरी पत्ता कळवला. काही आठवड्यांनी पोस्टमननं परदेशी तिकिटाचं पाकीट आणून दिलं. शिपइट नावाची ही योजना २००५ ते २०११ चालली. ज्या पोस्टानं वडिलांची मनीऑर्डर आणली, त्याच पोस्टानं मला हे आणून दिलं. व्हायरसचा त्रास संपला. पण कॅमेरा जोडला की लिनक्स गप्प बसायचं.

कॅमेरा जोडल्यावर आत काय घडतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. यूएसबीची कोणतीही वस्तू जोडली की ती आधी आपला नंबर सांगते. पहिली चार अक्षरं बनवणाऱ्याची, पुढची चार त्या मालाची. ०४६डी म्हणजे लॉजिटेक. ०एसी८ म्हणजे झेड-स्टार ही चिप बनवणारी कंपनी. लिनक्समध्ये एलएसयूएसबी असा एक शब्द टाइप केला की हा नंबर दिसतो. नंबर दिसला म्हणजे वायर ठीक, वीज ठीक, कॅमेरा जिवंत. पण नंबर सांगणं वेगळं आणि चित्र देणं वेगळं. चित्र कुठल्या भाषेत येतं हे ज्याला कळतं तो दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. दुभाषी असेल तर यंत्रात व्हिडिओ-शून्य नावाची एक खिडकी उघडते. नसेल तर डीमेसेज या यंत्राच्या नोंदवहीत 'नवी वस्तू आली' एवढंच दिसतं आणि पुढं सामसूम.

ही भाषा गुपित का होती, याचं कारण आकड्यांत आहे. यूएसबीचा पहिला आराखडा जानेवारी १९९६ चा. तो आखणाऱ्यांत इंटेलमधले अजय भट्ट होते, बडोद्याला शिकलेले. त्या पहिल्या यूएसबीतून सेकंदाला जास्तीत जास्त १२ मेगाबिट माहिती जायची. आता हिशोब करा : ६४० बाय ४८० ठिपक्यांचं चित्र, प्रत्येक ठिपक्याला १६ बिट, सेकंदाला ३० चित्रं. गुणाकार होतो १४७ मेगाबिट. बारा पायल्यांच्या कणगीत दीडशे पायल्या कशा मावणार? म्हणून कॅमेऱ्यातली चिप चित्र दाबून, घडी घालून पाठवायची. ही घडी घालायची रीत प्रत्येक चिपवाल्याची वेगळी, आणि ती उलगडायची किल्ली फक्त विंडोजच्या सीडीत. लिनक्सवाल्यांना किल्ली द्यायला कुणी बांधील नव्हतं.

खरं तर जगातला पहिला वेबकॅम लिनक्सच्याच, म्हणजे युनिक्सच्या, घराण्यातल्या यंत्रांवर पाहिला गेला होता. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संगणकाच्या प्रयोगशाळेत कॉफीचं एकच भांडं होतं आणि माणसं बऱ्याच मजल्यांवर विखुरलेली. जिना उतरून यावं तर भांडं रिकामं. म्हणून क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि १२८ बाय १२८ ठिपक्यांचं करडं चित्र आपापल्या टेबलावर दिसेल अशी सोय केली. १९९३ साली ते चित्र वेबवर गेलं आणि २००१ च्या ऑगस्टमध्ये बंद झालं. दूर काय आहे ते न जाता दिसावं, एवढीच त्यांची गरज होती. माझ्या आईची गरजही तीच होती. त्यांच्याकडं ती भागवणारे हात होते, इतकाच फरक.

पुढं लिनक्समध्ये चित्रासाठी व्हिडिओ-फॉर-लिनक्स नावाची व्यवस्था उभी राहिली आणि गावोगावचे हात एकेका चिपची बोली शिकायला बसले. माझ्या पहिल्या नंबरचा दुभाषी मला सापडला तो मिशेल शार्ड नावाच्या फ्रेंच माणसाच्या कामात. हा माणूस पेशानं डॉक्टर. रोगी तपासून उरलेल्या वेळात तो वेबकॅमच्या चिपा तपासायचा. विंडोजवर कॅमेरा चालताना वायरीतून काय जातं ते टिपायचं, ताडून पाहायचं, घडी कशी घातलीय ते ओळखायचं आणि तिचा ड्रायव्हर लिहून सगळ्यांना मोकळा करून द्यायचा. आधी त्या ड्रायव्हरचं नाव एसपीसीए-फाइव्ह-एक्सएक्स होतं, मग जीएसपीसीए. २००७ पर्यंत त्याच्या कामामुळं दोनशेहून जास्त वेबकॅम लिनक्सवर बोलू लागले होते. कंपन्या त्याला पगार देत नव्हत्या.

मी कराडला सायबर कॅफेत जाऊन ते सगळं पेनड्राइव्हवर उतरवून आणलं आणि दुकानात ड्रायव्हर बांधायला घेतला. बांधणं म्हणजे लिहिलेल्या मजकुरातून यंत्राला कळणारा भाग तयार करणं. पहिल्यांदा जमलं नाही, कारण लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या, सोबतचे शीर्षमजकूर (हेडर) माझ्याकडं नव्हते. पुन्हा कराड. तिसऱ्या खेपेला चित्र आलं. माझाच चेहरा, थोडा निळसर, हललं की मागं शेपूट सोडणारा. वहीत पहिल्या नंबरखाली मी दुसरी ओळ लिहिली : 'ड्रायव्हर बांधून चालला.' कर्नेल बदललं की बांधलेलं निकामी व्हायचं आणि पुन्हा बांधावं लागायचं. दर खेपेला मला त्या डॉक्टरची आठवण यायची.

सगळंच काही गोड नव्हतं. फिलिप्सच्या कॅमेऱ्यांचा ड्रायव्हर नेमोसॉफ्ट या टोपणनावानं लिहिणाऱ्या एकानं सांभाळला होता. त्यानं कंपनीला गुप्ततेचा शब्द दिला होता, त्यामुळं चित्राची घडी उलगडणारा भाग तो बंद पुडीत देत होता. लिनक्सच्या कर्नेलमध्ये बंद पुडीसाठी मुद्दाम ठेवलेली फट नको, असं ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी २००४ साली ठरवलं आणि ती काढली. नेमोसॉफ्टनं मग आपला सगळा ड्रायव्हरच काढून घ्यायला सांगितलं, आणि तो काढला गेला. याच कॅमेऱ्यांनी जगभरचे हौशी लोक दुर्बिणीतून गुरू-शनीची चित्रं घेत होते. पण थोड्याच काळात ल्यूक सायार यानं ती घडी स्वतः उलगडली आणि उघडा ड्रायव्हर परत आणला. मला दोघांचंही मन कळतं. एकानं शब्द पाळला. दुसऱ्यानं, शब्दात न अडकलेल्यानं, काम पुरं केलं.

आता २००९ सालचा एक दिवस सांगतो. बाजारचा दिवस होता. ढेबेवाडीच्या बाजूची एक म्हातारी एस.टी.नं उतरून दुकानात आली. तिच्या मुलाच्या पायावर वाशीला गोण्यांची थप्पी कोसळली होती. फोनवर तो म्हणायचा, बरा आहे, प्लास्टर आहे, महिन्याभरात निघेल. तिला ते खरं वाटत नव्हतं.

"पाय ऱ्हायलाय का न्हाई, त्ये मला डोळ्यानं बघू दे बाबा. फोनवर समदीच बरी असत्यात."

कोपरखैरण्याला तिच्या भाच्याच्या घरी कॉम्प्युटर होता. संध्याकाळी स्काइपवर यायचं ठरलं. माझ्या टेबलावर तोच पहिल्या नंबरचा कॅमेरा होता. नुकतीच मी उबुंटूची ऑक्टोबर २००८ ची आवृत्ती घातली होती. तिच्या कर्नेलमध्ये, २.६.२७ मध्ये, जीएसपीसीए आतच आला होता, ज्याँ-फ्रांस्वा मुआन यांनी नव्यानं बांधून आणलेला. म्हणजे आता काही बांधायची गरज नव्हती. चीज या प्रोग्रॅममध्ये मी कॅमेरा लावला, चित्र लख्ख. स्काइप लावलं, काळोख.

लोडशेडिंगला पाऊण तास होता. आमच्या उशाला कोयनेचं धरण, तरी वीज जायची ती वेळेवर. यूपीएस फार तर वीस मिनिटं टिकायचा. म्हातारी स्टुलावर पदर सावरून बसलेली.

खोट कुठं होती, ते त्या दिवशी मला कळलं. आधीच्या ड्रायव्हरमध्ये चित्राची घडी कर्नेलच्या आतच उलगडली जायची. कर्नेल सांभाळणाऱ्यांचा नियम असा की हे काम कर्नेलच्या बाहेर झालं पाहिजे. आत चूक झाली तर सगळं यंत्र बसतं. म्हणून नवा ड्रायव्हर चित्र घडीसकट देऊ लागला, आणि घडी उलगडायला हान्स द ख्यूडे यांनी लिबव्हीफोरएल नावाचा वेगळा भाग लिहिला. चीजला तो ठाऊक होता. स्काइप जुन्या पद्धतीचं, त्याला घडी उलगडता येत नव्हती. उपाय होता एका ओळीचा : स्काइप सुरू करताना त्याच्याआधी 'हा भाग सोबत घे' असं सांगायचं. कराडहून छापून आणलेल्या कागदांत ती ओळ होती. टाइप करताना एक अक्षर चुकलं, पुन्हा केलं.

चित्र आलं. पलीकडं तिचा मुलगा खुर्चीत, पाय पाटावर. मुलानं हसून हात केला. तिनं हाताकडं पाहिलंच नाही.

"पाय फुडं कर. आता बोटं हालीव."

त्यानं प्लास्टरमधून बाहेर आलेली पाच बोटं हलवली. चित्र अडखळत यायचं म्हणून ती बोटं एकदम इथून तिथं गेल्यासारखी दिसली. तिनं मनात मोजली, मग मला म्हणाली, "पाची हायती." डोळे पुसले आणि मुलाला जेवलास का विचारलं. त्यानंतर वीज गेली तरी यूपीएसवर आणखी दहा मिनिटं ती बोलत होती. पैसे मी घेतले नाहीत. पुढच्या बाजारला तिनं नाचणीची पिशवी आणून ठेवली. वहीत तिसरी ओळ : 'एक ओळ घालून स्काइपला चालला.'

त्या रात्री घरी जाताना मला इर्जिक आठवली. आमच्याकडं मदतीच्या दोन रिती. एक पैरा : आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. तो हिशोबाचा. दुसरी इर्जिक. कुणाचा बैल गेला, कुणी आजारी पडला, रान तसंच पडलं, तर गाव आपापली औतं घेऊन जातो आणि दिवसभरात रान उरकून देतो. मोबदला म्हणजे त्या घरचं एक वेळचं जेवण. परत फेडायचं नसतं. आईच्या रानात अशी इर्जिक मी लहानपणी पाहिलीय, वडील मुंबईला अडकले होते त्या वर्षी. कुणाचा बैल किती ओढला हे कुणी मोजलं नाही. फ्रान्समधल्या डॉक्टरनं माझ्या दुकानात जे केलं ते पैऱ्यात बसत नाही. त्याला पाटणकडून काहीच येणार नव्हतं. त्याची ती इर्जिकच.

या इर्जिकीत महाराष्ट्राचंही औत होतं. लिनक्सवर मराठी दिसायची ती ज्या लोहित अक्षरांत, ती पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीनं घडवलेली आणि लिनक्सच्या रेड हॅट कंपनीनं सगळ्यांना मोकळी केलेली. मीही माझ्यापुरता एक बैल जुंपला. २०१० साली एक लॅपटॉप आला, त्याच्या अंगातल्या कॅमेऱ्यात माणूस उलटा, डोकं खाली. बनवताना कॅमेरा उलटा बसवला होता आणि विंडोजच्या ड्रायव्हरमध्येच चित्र सरळ करायची सोय केली होती. लिबव्हीफोरएलमध्ये अशा उलट्या लॅपटॉपांची यादी असते. मी त्या लॅपटॉपच्या बोर्डाचं नाव आणि कॅमेऱ्याचा नंबर लिहून कळवला. पुढच्या आवृत्तीत माणूस सरळ झाला.

तेवढ्यात वारंही बदललं होतं. यूएसबी संघटनेनं २००३ सालीच यूव्हीसी नावाची एक सामाईक भाषा ठरवली होती. कॅमेऱ्यानं स्वतःच सांगायचं : मी अमुक आकाराची चित्रं देतो, अमुक वेगानं, अमुक घडीनं. बोलींच्या जागी प्रमाणभाषा आली. लोरां पँशार यांचा यूव्हीसी-व्हिडिओ हा एकच ड्रायव्हर जुलै २००८ च्या २.६.२६ कर्नेलमध्ये आला, आणि पुढच्या पाच-सात वर्षांत माझ्या वहीतली उजवी बाजू एकाच शब्दानं भरू लागली : 'चालला.'

तरी चुका संपल्या नाहीत. तालुक्यातल्या एका शाळेत कॅमेरा लावला की संदेश यायचा, 'वस्तूवर जागा शिल्लक नाही'. गुरुजींनी डिस्क भरली समजून स्नेहसंमेलनाचे सगळे फोटो पुसून टाकले. तरी संदेश तोच. या संदेशामागं युनिक्सचा फार जुना क्रमांक, २८. डिस्क भरली की तो यायचा. यूएसबीच्या कामात तोच क्रमांक 'वायरीवर जागा नाही' या अर्थानं वापरला गेला. कॅमेरा आणि माइक एकाच हबवर होते. कॅमेरा मागच्या पोर्टला लावला, संदेश गेला. फोटो मात्र परत आले नाहीत, आणि हा अर्थ आधी कुणी त्यांना सांगितला असता तर, हे मला अजून लागतं. म्हणून वहीच्या मागच्या पानावर मी ठळक लिहून ठेवलंय : २८ म्हणजे वायरीवर दाटी, ७१ म्हणजे बोलणं तुटतंय, वायर नाहीतर पिन पाहा, ११० म्हणजे वाट पाहून थकला, वीज कमी पडतेय. आमच्या पावसाळ्यात ७१ फार. चार महिने हवेत ओल, पिनांवर हिरवट गंज धरतो. मऊ ब्रशनं स्पिरिट फिरवलं, वाळवलं, की निम्मे कॅमेरे तिथंच बरे होतात. 'परवानगी नाही' आलं तर कॉम्प्युटर वापरणाऱ्या माणसाचं नाव व्हिडिओच्या गटात घालायचं, बाहेर जाऊन परत आत यायचं. कॅमेरा फेकायच्या आधी एवढं तरी करावं.

मग २०२० आलं. शाळा बंद, शिकवणं पडद्यावर, आणि दुकानात वेबकॅम मिळेना. मुंबईहून परतलेल्या एका कुटुंबातला सातवीतला मुलगा जुना कॉम्प्युटर घेऊन आला. विंडोज त्यावर चालेना म्हणून मी लिनक्स घातलं. कॅमेरा नव्हता. मी टेबलाचा खालचा खण उघडला आणि तो लिंबाएवढा, पिवळा पडलेला, पहिल्या नंबरचा कॅमेरा काढला. त्याच्या सीडीची केव्हाच माती झाली होती. पिना पुसल्या. जोडला. एलएसयूएसबीत नंबर आला, ०एसी८:३०१बी. काहीही न बांधता, कुठलीही ओळ न घालता खिडकी उघडली आणि तो मुलगा त्याच्या बाईंना दिसू लागला. बाईंनी त्याला नावानं हाक मारली, "दिसतोयस रे, थोडा मागं सरक." तो मागं सरकला.

संध्याकाळी मी वहीचं पहिलं पान उघडलं. २००६ ची ओळ, तिच्याखालच्या दोन ओळी, आणि शेवटी जरा मोकळी जागा. तिथं मी तारीख घातली आणि लिहिलं : 'चालला.'